तोंडी प्रात्यक्षिक

परीक्षक : परीक्षा अजून सुरूही झाली नाही आणि यादीत सगळ्यांचे गुण भरलेले?

मास्तर : आपला त्रास वाचवला, मॅडम. आपण फक्त खाली सही करायची.

परीक्षक : एकोणचाळीस मुलं आणि वीसपैकी अठराच्या खाली कुणी नाही! हुशारीची साथ आली का काय गावात?

मास्तर : पोरं चुणचुणीत आहेत हो. वह्या बघा ना त्यांच्या.

परीक्षक : बघितल्या. पट्टीनं आखलेला कॉम्प्युटर, पडद्याला निळा रंग, माउसला शेपटी. गाय रंगवली म्हणून दूध निघतं का, मास्तर? आणि भिंतीपाशी ही खोकी कसली?

मास्तर : चौदा कॉम्प्युटर आहेत. जपून ठेवलेत. उघडले की पोरं बिघडवणार, आणि जाब मला द्यावा लागणार. एक ठेवलाय चालू.

परीक्षक : जपून! आत उंदरांनी बाळंतपणं उरकलीत. वास येतोय, नाकाला पदर लावून बसलेय मी. शिसारी आली.

मुलगी : आत येऊ, सर?

मास्तर : ये. पहिला नंबर हिचा, मॅडम. हं, सांगितलंय तसं कर. तू तोंडानं सांगायचं, बटणं मी दाबतो.

परीक्षक : तुम्ही दाबणार? मग परीक्षा कुणाची?

मास्तर : आमची पद्धतच आहे ती. पोरं सांगतात, मी करतो. यंत्राला धक्का नाही.

मुलगी : मी आज काही सांगणार नाही, सर. बाई, मला शून्य द्या.

मास्तर : डोकं फिरलं का तुझं?

मुलगी : गेल्या साली माझ्या ताईला वीसपैकी वीस दिले. शहरातल्या कॉलेजात गेली. पहिल्याच तासाला काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसून राहिली. कॉम्प्युटर आपण चालू करायचा असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. इथं आम्ही आत यायच्या आधीच सर चालू करून ठेवतात.

परीक्षक : मग?

मुलगी : मग पोरी हसल्या. शिकवणारेही हसले. आठ दिवसांत ताई घरी आली. आता अंगणात कुणी हसलं, की ती आतून कडी लावते. माझी ताई, जी पाणी भरताना गाणी रचायची.

मास्तर : शहरातल्या पोरांच्या घरीच दोन-दोन असतात, मॅडम. आपली बरोबरी कशी व्हायची?

परीक्षक : तुम्ही गप्प बसा. त्या वर्षी यादीवर सही कुणी केली होती?

मास्तर : झालं गेलं जाऊ द्या ना.

मुलगी : तुम्हीच केली होती, बाई. मी दारात उभी होते. तुम्ही मान वरसुद्धा केली नव्हती.

(परीक्षक यादी पालथी ठेवतात.)

परीक्षक : गाडी चुकेल म्हणून घाईत होते मी. दिवसाला चार-चार शाळा, ही शाळासुद्धा लक्षात राहिली नाही. शी! आल्यापासून मी नाक दाबून बसलेय आणि घाण या एका खोलीतच आहे असं समजतेय.

मास्तर : असं मनाला लावून घेऊ नका, मॅडम. चहा मागवू?

परीक्षक : चहा नको. ऐक पोरी, शून्य लिहिलं तर यंदा कॉलेज नाही. पुन्हा बसावं लागेल.

मुलगी : बसेन.

परीक्षक : घरचे काय म्हणतील?

मुलगी : आई रडेल. ताई नाही रडायची.

मास्तर : आणि बाकीचे अडतीस? शाळेचं नाव मातीत जाईल!

परीक्षक : जाऊ दे. एकेकाला इथं बसवणार. स्वतःच्या हातानं जेवढं येईल तेवढेच गुण, आणि खोकी का उघडली नाहीत ते खाली माझ्या अक्षरात. माझ्या गेल्या वर्षीच्या सहीसकट. लिहिलं बघ तुझं. शून्य.

मुलगी : प्रत्येकाला पंधरा मिनिटं असतात ना, बाई?

परीक्षक : हो. का गं?

मुलगी : माझी अजून सात उरलीत. तेवढ्यात जे शिकवता येईल ते शिकवा.