पायाचं वळण

बजाजनगरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शालू दुखरं मनगट धरून बसली होती. शेजारी कारखान्यातून रिटायर झालेले कारभारी आणि त्यांच्या पत्नी वच्छलाबाई होत्या.

"डॉक्टरला खरं सांगा, गुडघा आता दुखत नाय म्हणून."

"दुखत नाय, पण लंगडतोय की."

"दुखत नाय तर लंगडता कशापायी? निस्तं ढोंग!"

"अगं, तीन वर्षं दुखण्याला भिऊन लंगडतच पाय टाकला. आता स्नायूंना तेच वळण लागलंय म्हणे. कुणी कवा ओढायचं, त्यांचा मेळच राहिला नाय."

"मंग पायाला सांगा, सरळ पड म्हणून."

"लई सांगतो. ऐकतच नाय."

"तुमचाच पाय त्यो. कुणाचं ऐकंल?"

"आपल्या लेकाच्या, सार्थकच्या वरातीत नाचलो, तर समदी पोरं लंगडायला लागली. त्यांना वाटलं, नवी स्टेप हाय!"

"व्हय, अन् व्याही पण."

"कारभारी काका, या आत!" आतून डॉक्टरांनी हाक मारली.

दोघंही उठले. कारभारी डावीकडं झुकत निघाले. वच्छलाबाईही तशाच झुकत निघाल्या. शालूनं पाय आवरून वाट दिली. कारभारींनी वळून बायकोकडं पाहिलं.

"आता तुला काय झालं गं?"

"मला कुठं काय? सरळ चालले तर तुमचा हात सुटतो."