चष्म्यातली ग्रामसभा

अहो, हिंगोलीत राज्यशास्त्र शिकवणं सोपं नाही. कॉलेजात व्हीआरचा चष्मा आला. डोळ्यांवर चढवला की थेट ग्रामसभेत बसल्यासारखं वाटतं. चष्मा एक अन् पोरं चाळीस. त्यात रुक्मिणी नावाची पोरगी तो काढायलाच तयार नाही.

मी वैतागून म्हणालो, "अगं, काढ आता. बाकीचे ताटकळलेत."

"थांबा सर, सरपंचबाई बोलून राहिल्यात."

"ते रेकॉर्डिंग आहे. उद्याही तेच बोलतील."

"माझी आई सरपंच हाय, सर. पण सभेत बाबाच बोलतात. सरपंचबाई बोलली की कसं दिसतं, ते पाहून राहिले."

मागून पोरं कुरकुरली. मी त्यांच्यावरच खेकसलो, "बसा खाली. तिची सभा संपायचीय अजून."