पायाळू सर

आठवलं की अजून डोकं फिरतं माझं. राहात्याला मी मुलींच्या कबड्डी संघाची फिजिओ होते. आमचे कोच पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले. अशा माणसाचा पाय लागला की लचक उतरते, असं मानतात ना आपल्याकडे? सर ज्या त्या मुलीला स्वतःचा पाय लावायचे.

एकदा सरावात सोनालीच्या गुडघ्यात कट्कन आवाज झाला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. मी तपासलं, तर नडगी पुढं सरकत होती. म्हटलं, "सर, एवढी लक्षणं असली की बहुतेक लिगामेंट तुटलेलं असतं, असं संशोधन सांगतं. एमआरआय काढू. खेळवू नका तिला."

"मॅडम, तुमचं संशोधन परदेशातल्या गुडघ्यांवरचं. आपल्या पोरी बाजरीवर पोसल्यात. लचक हाय ती!"

तीन दिवस पाय लावला आणि चौथ्या दिवशी तिला मॅचला उतरवलं. पहिल्याच चढाईत पोरगी कोसळली. ऑपरेशन झालं, पोलीस भरती हुकली. सर ढिम्म.

पुढच्याच महिन्यात ते जिन्यावरून घसरले. फोन आला, "मॅडम, घोटा लई सुजलाय! एमआरआय काढायचा का?"

"कशाला? दुसरा पाय शाबूत आहे ना? तो लावा," म्हटलं आणि फोन ठेवला.