डाव्या कोपऱ्याची जागा

कबड्डीचा विषय काढलात म्हणून सांगतो, नाहीतर सांगितलं नसतं.

काटोल रोडला दादाचा अपघात झाला. तेरावं झाल्यावर मी त्याचे बूट आणायला कॉलेजच्या मैदानावर गेलो. सर बचावफळी बांधत होते. प्रत्येक जागेला तीन पोरं, एकामागे एक. पहिला पडला तर दुसरा तयार हवा.

"डावा कोपरा!" सर ओरडले.

ती दादाची जागा. दोन नंबरचा सागर सवयीने मागेच थांबला. पुढे मोकळं दिसलं आणि मी धावत जाऊन तिथे उभा राहिलो.

"तू कोण गा?"

"दादाचा लहान भाऊ."

"कोणत्या वर्षाले हायेस?"

"आठवी नापास."

कोणी हसलं नाही. सर जवळ आले. "बाजूले हो बेटा. परवा मॅच हाय. सागरले पुढं येऊ दे. तुह्या दादानंच तयार केलं त्याले."

"मले मालूम हाय सर. पण तो इथं उभा राह्यला म्हंजे दादा खरंच गेला."

सरांनी शिट्टी खिशात टाकली. मागून सागरचा आवाज आला, "सर, मी दोन नंबरच बरा."