मिल्काकाकूंचा दिवा

कांदिवलीला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे एक आत्या आणि तिची भाची उभ्या होत्या.

"एम.ए.ला ज्यूंचा इतिहास? दादाला माहितीये?"

"सांगितलंय. बाबा म्हणतात, बी.एड. कर. मी नाही करणार."

"पण आपला काय संबंध गं त्यांचा?"

"आत्या, तुमच्या नवगावचे शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, ते ज्यूच ना!"

"ते होय! अगं, शेजारच्या मिल्काकाकूंचा दिवा मीच लावायचे."

"तू का?"

"शुक्रवारी दिवस मावळला की ते आगीला हात लावत नसत. दुसऱ्याला 'दिवा लाव' म्हणणंही चालायचं नाही. काकू नुसत्या म्हणायच्या, 'मालन, केवढा काळोख झालाय गं.' मी समजायचे."

"मी वाचलेल्या एकाही पुस्तकात हे नाही."

"नसेल. पुस्तकवाल्यांना कुठे हाक मारली होती काकूंनी?"

भाचीने पिशवीतून वही काढली.

"आत्या, माझी वही केवढी कोरी आहे गं."

"चावट! आण तो डबा इकडे. हं, लिही. मालन, नवगाव, तेव्हा वय नऊ."