शंकर तांबटाचा रेडिएटर

मंडळी, तालमीच्या पंचांनी मला चार शब्द बोलायला उभं केलंय. काय बोलू? सारा जन्म गाडीखाली उताणा पडून बोलणारा माणूस मी. शंकरच्या फोटोला घातलेला हार बघून जीभच उचलत नाही. समोर वहिनी बसल्यात. त्यांच्याकडं बघवत नाही. तरी बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

शंकरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घागरी, हंडे घडवले. ह्यानं मोटारींचे रेडिएटर घडवले. माझ्या गॅरेजच्या भिंतीला लागून त्याचं दुकान. पंधरा दिवस झाले त्याला जाऊन. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि गेला. अजून मी सकाळी कुलूप काढताना कान देतो. ठोकण्याचा आवाज येत नाही. करमत नाही हो, मंडळी. खरंच करमत नाही.

माझी लाल गाडी तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. दोन माणसांची, उघडी. संस्थान विलीन झाल्यावर एका इनामदारांनी ती विकायला काढली आणि मी घेतली. सपाटीला काय पळायची! पण पन्हाळ्याचा चढ लागला की रेडिएटरमधलं पाणी उकळलंच. टोपणातून वाफेची शिट्टी, आणि आमची स्वारी रस्त्याच्या कडेला उभी! रेडिएटर बदलायचा ठरलं. कुठला घालायचा? लढाईनंतर मिलिटरीचं भंगार आलं होतं, त्यातला ट्रकचा भला दांडगा रेडिएटर मी उचलला. शंकर म्हणाला, "भाऊ, नुसतं पाणी जास्त मावलं म्हंजे गार व्हतंय व्हय? नळ्या साफ पायजेत, वारं आरपार जायला पायजे." मी ऐकतोय होय! बॉनेट कापून बसवला. तो गळायला लागला. मग आपण सगळे करतो तेच केलं. मूठभर हळद टाकली आत.

गळती थांबली की! नळ्याही तुंबल्या. दुसऱ्याच वळणाला गाडी उकळली. शंकरनं रेडिएटरची टाकी उघडली, आत बघितलं आणि वहिनींना हाक मारली, "अगं, भाकरी टाक! भाऊनं पिठलं आणलंय!"

दीड महिना सारी पेठ मला पिठलंवाला म्हणत होती. हसा, हसा. तोही हसायचा.

मग त्यानं स्वतः घडवला. उंची-रुंदी गाडीच्या मूळ रेडिएटरएवढीच, पण नळ्यांच्या दोन रांगांऐवजी तीन. पितळी टाक्या हातानं ठोकलेल्या. भरल्या हौदात बुडवून, आत हवा भरून, बुडबुडा येतो का बघत बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. "तांबटाचं भांडं गळलं तर तोंड कुठं लपवू?" म्हणायचा.

एका रविवारी आम्ही दोघं पन्हाळ्याला निघालो. वाघबिळापर्यंत गेलो. पुढं खडा चढ.

मंडळी, इथून पुढचं नीट ऐका. शंकर तुम्हाला सांगायचा, "गाडीला वजन नको म्हणून म्याच खाली उतरलो." पारावर सांगायचा, तालमीत सांगायचा. ते खोटं आहे. मी त्याला उतरवलं. "तू उतर, ओझं कमी होऊ दे," म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं. "माझ्या कामावर इस्वास न्हाय व्हय?" मी म्हटलं, "तसं न्हाय रं." पण तसंच होतं. मनात धाकधूक होती. तो उतरला आणि दगडावर जाऊन बसला.

मी एकटा वर गेलो. गाडी कुठं थांबली नाही, वाफ नाही, शिट्टी नाही. पन्हाळ्यावर टाकीला हात लावला तर हात ठेवता येत होता. मी ओरडलो, "शंकऱ्या, जिंकलास मर्दा!" आणि शेजारी बघितलं. ज्याचं काम, तोच माणूस खाली दगडावर.

खाली आलो. त्यानं एवढंच विचारलं, "शिट्टी झाली?" म्हटलं, "न्हाय." त्यानं मान हलवली. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी दोघं जाऊ." "येतो की," म्हणाला.

पुढचा रविवार कामात गेला. मग पाऊस. मग लग्नसराई. दोन वर्षं रविवारच रविवार आले आणि गेले. मी मेल्यानं एक काढला नाही! दवाखान्यात त्यानं विचारलं, "गाडी चालू हाय न्हवं?" म्हटलं, "हाय की. बरा हो, जाऊ." तो नुसता हसला.

माझी अब्रू राखायला हा माणूस दोन वर्षं खोटं बोलला. आणि मला त्याला एकदा वर न्यायला जमलं नाही. आता रोज वाटतं, एकच डाव, फक्त एकदा, त्याला शेजारी बसवून तो चढ चढावा. दुसरं काही नको मला.

शंकर, तुझ्या कामात खोट नव्हती रे. माझ्या मनात होती. हे तुझ्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं.

उठा मंडळी. दोन मिनिटं गप उभं राहूया.