किल्ली कुणाच्या हातात

जप्त केलेल्या गाड्यांच्या आवाराचा रखवालदार फाटक उघडण्याआधी मुद्दाम रेंगाळायचा. खिडकीपाशी चालणारी बोलणी ऐकायला त्याला आवडायचं. आज तिथे एक नवरा-बायको उभे होते.

“दारू पिऊन चालवलीत, लायसन्स जमा झालं. आता गाडी नेणार कोण?” हवालदारानं विचारलं.

“भावाला बोलावतो, साहेब.”

“भावोजींना कशाला त्रास? हे घ्या साहेब, माझं लायसन्स.”

“तुझं? तू कधी शिकलीस गं?”

“तुम्ही मित्रांबरोबर बसायचात ना, तेव्हा. म्हटलं, एक दिवस आणायला जावं लागणारच.”

“अगं, पण या गाडीचा क्लच माझ्याशिवाय कुणाला जमत नाही.”

“तुम्हाला जमला होय? त्या खांबाला विचारा!”

हवालदारानं हसत किल्ली बाईंच्या हातात दिली. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा वळवला. गाडी एकदा बंद पडली, मग सुरळीत निघाली. फाटकापाशी काच खालीच होती.

“अहो, पाय उचला. तुमच्या बाजूला ब्रेक नाही.”

“सवय गं… बरी चालवतेस की! मला कामावर सोडशील रोज?”

“सोडीन. आणि संध्याकाळी न्यायलाही येईन. सरळ घरी.”

“बरं बाई. सरळ घरी.”

रखवालदारानं फाटक सताड उघडलं.